होल्डवरची गत

माझे मलकापूरचे घरमालक विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावायचे आणि पलीकडून तो कुणी उचलू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचे. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटलं असतं. पण मी त्यांच्या माडीवर बरीच वर्षं भाड्यानं राहिले, तिथल्याच पुढच्या खोलीत माझा पेटीचा क्लास चालवला, आणि खालच्या ओसरीवरचा हा प्रकार दुपार झाली की माझ्या कानावर पडायचाच.

फोन स्पीकरवर टाकून लोडाला टेकवलेला असायचा. हिंदीसाठी एक दाबा, दाव्यासाठी तीन दाबा, हे सोपस्कार झाले की पलीकडं पियानो सुरू व्हायचा आणि काका डोळे मिटायचे. मधेच ती हिंदीतली बाई सांगायची, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है. काका डोळे न उघडता म्हणायचे, "हाव ना माय, आहे महत्त्वाचा. तू चूप राह्य आता, वाजू दे." आणि चुकून एखाद्या पोरानं खरोखरच फोन उचलला, तर काकांचा पारा चढायचा. "काऊन उचलला बे? आताच त रंगात आलं होतं! ठेव, ठेव खाली." की पुन्हा पहिल्यापासून एक दाबा, तीन दाबा.

अख्खं जग ज्या वाजण्याला शिव्या घालतं, त्याच्यावर जीव टाकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

काका कापसाचे अडते. बाजारात त्यांची गादी आणि गावाबाहेर सरकी काढायची जिनिंग. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. कापसाच्या ढिगात बसले तर नाक आणि चष्मा तेवढा दिसायचा. कापूस पारखायची त्यांची रीत जुनी. बोंडातला पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, हलकेच ओढून तोडायचा, परत जुळवायचा, परत ओढायचा. शेवटी चिमटीत उरतो तो धागा. तो किती लांब, किती चिवट, किती ओला, हे काका बोटांनी सांगायचे आणि बाजार ते मानायचा.

आता हे बाजारापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण या माणसाला जगात जिथं कापूस दिसेल तिथं ओढून पाहायची खोड. पाहुण्यांच्या घरी गेले की गादीचा उसवलेला कोपरा शोधायचे. देवळात बसले की समईतली वात. त्यांच्या लग्नाची गोष्ट काकू सगळ्यांना सांगतात. पोरगी पाहायला गेले, पोहे आले, पोरगी आली, आणि हे आपले बसल्या गादीतून पुंजका काढून ओढताहेत. ओढून झाल्यावर काकूंच्या वडलांना म्हणाले, "माल एक नंबर आहे." त्यांना वाटलं, पोरगी पसंत. साखर वाटून मोकळे. "मले ह्या मानसानं पाह्यलंच नाही वो," काकू म्हणायच्या. "गादी पाहून लगन केलं." काका यावर एवढंच म्हणायचे की गादी अजून आहे आणि बसली नाही.

माणसंही ते धाग्यावरच मोजायचे. अमका लांब धाग्याचा, तमका आखूड धाग्याचा. एखादा फारच वाईट निघाला तर 'निरा कवडी'. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, जो कुणी फुकट घेत नाही. मी एकदा हौसेनं विचारलं, "काका, मी कशी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मध्यम. पन ओल नाही तुह्यात." मध्यम म्हटल्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, सांगून ठेवते.

अशा माणसाचा डावा हात गेला.

एका सकाळी न्हाणीत पडले. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. लकवा. जीभ लवकर सुधारली, हे बरं की वाईट ते दवाखान्यालाच विचारा. पायही हळूहळू आला. हात मात्र खांद्याला नुसता लटकलेला. सुई टोचल्यावर नर्सनं कापसाचा बोळा दाबून धरायला दिला, तर हे तो दातात धरून उजव्या हातानं ओढायला लागले. "सिस्टर, हा कापूस कोन्या भामट्यानं देल्ला तुमाले? ह्याच्यात धागाच नाही." नर्स घाबरून डॉक्टरला बोलवायला पळाली की पेशंटच्या डोक्यावर परिणाम झाला. काकू म्हणाल्या, "नाही वो बाई, हे पयलेपासूनच आहे."

डॉक्टरांनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो चेंडू काकांनी घरी आल्याबरोबर गल्लीतल्या कुत्र्यांना खेळायला दिला. "मी काय लहान पोट्टं आहो?"

त्या वर्षी हंगाम लागला तशी त्यांना राहवेना. मुलगा नको नको म्हणत असताना गादीवर जाऊन बसले. मुलाबद्दल सांगायचं तर तो भला माणूस, शांत, बापाच्या अगदी उलट. मोताळ्याकडच्या एका शेतकऱ्यानं नेहमीप्रमाणं काकांच्या हातात पुंजका ठेवला. काकांनी उजव्या चिमटीत धरला, डाव्या चिमटीत धरला आणि ओढला. डावी चिमूट सुटली. कापूस खाली पडला. त्यांनी उचलला, परत धरला, परत पडला. बाजारात तेव्हा शंभर माणूस असेल. प्रत्येकाला अचानक दुसरीकडं काहीतरी पाहायचं होतं. शेवटी मुलानं वाकून तो पुंजका उचलला, स्वतः ओढला आणि प्रत सांगितली. सांगितली तीही बरोबर. तेच तर वाईट झालं. काका उठले, घरी आले आणि त्यानंतर बाजाराचं नाव काढलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी आता आराम करा." काका म्हणाले, "आरामाचं काय लोनचं घालू?" पण आवाजात दम नव्हता. माडीवर मला ऐकू आलं आणि फार वाईट वाटलं.

दवाखान्याच्या विम्याचा दावा अडकला, म्हणून त्यांनी पहिल्यांदा त्या हेल्पलाइनला फोन लावला तो याच दिवसांत. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दावा केव्हाच मंजूर झाला, फोन चालूच राहिले.

एके दिवशी काठी टेकत जिना चढून माडीवर आले. पोरींचा क्लास चालू होता. दारातूनच म्हणाले, "बाई, हे आयक," आणि फोन माझ्या कानाला लावला.

मी ऐकलं. संथ पियानो, एकट्याचा. उदास, पण त्या उदासीला बारीकशी लचक. मी म्हटलं, "काका, वाजवणारा तालाला कच्चा आहे."

"काऊन?"

"ठेक्यावर पडतच नाही. ठेका होऊन गेला की मग येतो. नाहीतर आधीच घुसतो."

"तो उजवा हात," काका म्हणाले. "डावा आयक. दम-चक, दम-चक. एक तरी चुकते काय? आन उजव्याले उशीर नाही झाला, तो रुसला आहे. नवी सून कशी, जेवाले बोलावलं का येत नाही, आन बोलावनं बंद केलं का हळूच येऊन पाटावर बसते. तसं आहे ते."

मी ज्या गुरूंकडं शिकले त्यांच्याकडं ठेक्याच्या मागं-पुढं येणाऱ्याला सुनेचा मान नव्हता, पट्टी होती. मी तसं सांगितलं. काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि थेट मुद्द्यावर आले. "मले हे शिकव."

"तुम्हाला? सा रे ग म तरी येतं का?"

"सा रे ग म नाही शिकाचं. गानं नाही शिकाचं. आरती नाही, भजन नाही. हे एकच शिकाचं, दोन्ही हातांनी, पुरं. असा डावा हात पाह्यजे मले."

आता बोला. पेटीचा एक हात भात्यावर जातो, तर दोन हातांनी वाजवणार कसं? पण माझ्याकडं माझ्या गुरूंची पायपेटी होती. जुन्या नाटकमंडळ्यांत असायची तसली; टेबलासारखी, खुर्चीवर बसून वाजवायची, भाता पायानं मारायचा आणि दोन्ही हात मोकळे. काकांनी तिच्यावर आधीच डोळा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरींच्या आधी येऊन खुर्चीवर बसलेले.

त्या होल्डवरच्या गतीचा पत्ता माझ्या क्लासमधल्या एका कॉलेजच्या पोरीनं लावला, एका मोबाइलवरचं दुसऱ्या मोबाइलला ऐकवून. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका काळ्या वादकानं रचलेली होती. इंग्रजी नाव होतं, ते काकांनी लक्षात ठेवायला साफ नकार दिला. ते तिला 'थांबा'च म्हणायचे, कारण त्यांना ती थांबण्यातच भेटली होती. पण एक गोष्ट त्यांनी विचारली. "त्याच्या गावाकडं कापूस होते काय?"

"होता की," मी म्हटलं. "पण मालकांचा. त्याच्या वाडवडलांना गुलाम करून वेचायला लावायचे."

काकांनी पट्ट्यांवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "मंग बराबर आहे. वेचनाऱ्याचा हात एका चालीत चालते, मन त्याचं मांगं राह्यते कुठी तरी. म्हनून हे असं वाजते." त्या दिवशी त्यांनी शिकवणी घेतली नाही. काठी घेऊन खाली गेले, आणि दुपारी फोनही लावला नाही.

शिकवणं म्हणजे काय हाल होते ते माझे मला माहीत. सुरुवातीला डावा हात उजव्या हातानं उचलून पट्ट्यांवर ठेवावा लागायचा. करंगळी दाबायला गेली की तिच्यासोबत शेजारची दोन बोटं वरातीला निघाल्यासारखी निघायची. 'दम' वाजायचा, 'चक' येईपर्यंत माझा चहा निवायचा. काका बोटांशी बोलायचे. "चाल बे, आळशा. जेवताना त पयले येते." पाय भाता मारायचे ते भलत्याच वेगानं, म्हणजे पेटी बोंबलायची आणि खालून काकू ओरडायच्या, "कोनी मेलं काय वर?"

काकूंना ती गत बिलकूल आवडायची नाही. "घरात रडगानं नोका वाजवू. सनासुदीचं काही वाजवा." काका म्हणायचे, "रडत नाही वो हे. बजारात माल गेला नाही, रिकाम्या हातानं घरी येऊन राह्यला मानूस, पन शिटी वाजवत येऊन राह्यला. तसं आहे." काकू म्हणाल्या, माल गेला नाही तर शिटी वाजवणाऱ्याला घरात कोण घेईल? ते भांडण दोघं रोज नव्यानं भांडायचे आणि मी चहा संपवून घ्यायची.

घराला लागूनच एक गादीवाले भाई होते. मूळचे रोहिणखेडचे, पिंजाऱ्याचं खानदान, काकांचे बालमित्र. दुकान बंद केलं की ढोलक घेऊन वर यायचे. त्यांनी पहिल्या दिवशी गत ऐकली आणि गंभीरपणे म्हणाले, "सेठ, ह्याची तब्येत खराब हाय. पाय उचलते आन ठेवाचं भुलते." मग त्यांनी इलाज म्हणून ढोलकाची साथ धरली. झालं! भाई पडले कव्वालीचे. काकांचा उजवा हात जिथं जिथं रुसून मागं राहायचा, तिथं भाई ढोलकावर अशी थाप हाणायचे की तो बिचारा दचकून ठेक्यावर यायचा. आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दणदणीत तिहाई. त्या वादकाच्या आत्म्यानं अमेरिकेत कूस बदलली असेल. काका शेवटी चिडले. "मियां, मी त्याले मनवून राह्यलो, आन तुमी त्याले मारून राह्यले!" भाईंनी ढोलक बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बरं बाप्पा, मनव." तेव्हापासून ते नुसते भिंतीला टेकून ऐकायचे. पण जाताना खिशातून एक पुंजका काढून काकांच्या मांडीवर ठेवायचे, रोज. काका तो दोन चिमटींत धरायचे. कधी सुटायचा, कधी थोडा वेळ टिकायचा.

गतीत चार घरं, म्हणजे चार तुकडे. पहिली दोन पावसाळ्यापर्यंत बसली. चौथं सोपं होतं. तिसरं घर मात्र छळवादी. तिथं डाव्या हाताला लांब लांब उड्या माराव्या लागतात. काका तिथं आले की हात उडी घ्यायचा आणि भलत्याच सुरावर उतरायचा, किंवा उतरायचाच नाही, नुसता पट्टीवर पडून राहायचा. मी म्हटलं, "तिसरं सोडून देऊ. कुणाला कळतंय?"

"मले कयते ना!" ते ओरडले. "चार बोटं लागते, तीन बोटांनी धागा निघते काय?"

नवरात्र जवळ आलं. नवरात्रात माझ्या क्लासचा शारदोत्सव असायचा आणि दसऱ्याला बाजारात कापसाचा मुहूर्त. मुहूर्ताला पहिला पुंजका गादीवरचा मालक ओढतो, पहिली बोली होते, पेढे वाटतात. जेवताना काकांनी मुलाला सांगितलं, आणि माडीवर मीही ऐकलं, कारण ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असंच बोलायचे. "शारदोत्सवात मी थांबा वाजवतो. पुरं, दोन्ही हातांनी, लोकायसमोर. वाजलं त मुहूर्ताले गादीवर मी बसीन. नाही वाजलं त गादी तुही. मंग मी जिनिंगच्या रस्त्यावर पाय ठेवनार नाही, जिंदगीत."

"बाबा, काहाले अशा शर्ती लावता?" मुलगा म्हणाला. त्याला गादी नको होती. त्याला बापाच्या हातातून कापूस परत चारचौघांत पडायला नको होता. तो रात्रीचं ताट तसंच ठेवून वर आला आणि मला म्हणाला, "ताई, त्यायचं नाव कार्यक्रमातून काढून टाका. तुमी सांगितलं त आयकतील." मी म्हटलं, "तुमचं कधी ऐकलं त्यांनी?" तो म्हणाला, "नाही." "मग माझं कसं ऐकतील?" बिचारा उतरून गेला.

शारदोत्सव शाळेच्या हॉलमध्ये. पालक, आज्या, लहान भावंडं, सगळा गोंधळ. मंचावर शारदेची मूर्ती, आणि पायपेटी ज्यांची ते माझे गुरू, म्हणून पेटीशेजारी त्यांचा फोटो, हार घालून, समोर समई. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त हेडमास्तर गुरुजी बोलावले होते. गुरुजी अतिशय सज्जन. फक्त एवढंच की गावात कुणीही गेलं की शोकसभा गुरुजींशिवाय व्हायची नाही. श्रद्धांजली वाहून वाहून त्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं.

पोरींचं गाणं झालं, लहानग्यांच्या सरगमी झाल्या. मग काका काठी टेकत मंचावर आले. कडक पांढरे कपडे. खुर्चीवर बसले, डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. आता तो त्यांचा त्यांना उचलता येत होता. निवेदन करणारी पोरगी काकांना पाहून एवढी गडबडली की गतीबद्दल लिहून आणलेलं काही वाचलंच नाही, नमस्कार करून पडद्याआड पळाली. पुढच्या रांगेत काकू, भाई, मुलगा. मुलगा गुडघ्यांवर कोपरं ठेवून जमिनीकडं पाहत होता.

काकांनी सुरुवात केली. दम-चक. दम-चक. आणि वर तो रुसलेला हात.

हॉल हळूहळू शांत झाला. संथ, उदास सूर, शेजारी हार घातलेला फोटो, समोर समई, वाजवणारा पांढऱ्या कपड्यांत. पहिलं घर संपत आलं असेल नसेल, गुरुजी उठले. हात समोर बांधले, मान खाली घातली. प्रमुख पाहुणे उभे राहिले म्हटल्यावर दुसरी रांग उठली, मग तिसरी. मागं भजी खाणाऱ्या पोरांनाही आयांनी दंडाला धरून उभं केलं. पाहता पाहता अख्खा हॉल माना खाली घालून उभा! मी विंगेत कपाळाला हात लावला. ओरडून सांगू कसं, की अहो, बसा, कुणी मेलेलं नाही? काकूंनी इकडं तिकडं पाहिलं आणि सगळे उभे म्हणून त्याही उभ्या राहिल्या. भाईंनी टोपी सारखी केली.

काकांचं लक्ष कुठंच नव्हतं. दुसरं घर गेलं, फार छान गेलं. तिसरं लागलं. पहिली उडी बसली. दुसरी बसली. तिसऱ्या उडीला हात वर गेला आणि पट्ट्यांवर नुसता पडला. चार सूर एकदम भेसूर वाजले. उजवा हात थोडा पुढं गेला, एकटाच, आणि थांबला. पाय थांबले. पेटीनं श्वास सोडला आणि गप्प झाली.

आता कुणीतरी हसणार, कुणीतरी उगाच टाळ्या वाजवून मोकळं होणार, पोरं कलकलाट करणार, आणि काका उठून काठी शोधणार, हे मला दिसायला लागलं. मुलानं डोळे मिटून घेतले होते.

पण कुणी हललं नाही. हलणार कसं? लोकांच्या हिशेबानं संगीत थांबलं म्हणजे आता दोन मिनिटं स्तब्धता. मलकापूरच्या माणसाला बाकी काही पाळता येवो न येवो, दोन मिनिटांची स्तब्धता बरोबर पाळता येते. खोकला नाही, कुजबूज नाही, एकाचाही मोबाइल वाजला नाही. गुरुजींनी मान खाली ठेवूनच मनगटावरचं घड्याळ डोळ्यांच्या कोपऱ्यात घेतलं.

त्या शांततेत काकांनी डावा हात मांडीवर घेतला. उजव्या हातानं एकेक बोट चोळलं, करंगळीपासून. घाई केली नाही. घाई करायला लावणारं तिथं कुणी नव्हतंच. ओठ हलत होते, बोटांना काहीतरी सांगत असणार, आणि ते चांगलं नसणार. मग तळहात उघडला, मिटला, उघडला. बाजारात त्या दिवशी शंभर माणसांनी माना फिरवल्या होत्या, पण काकांना एवढा वेळ द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. इथं सगळा हॉल चुकून देत होता. मला विंगेत रडू यायला लागलं आणि हसूही, आणि दोन्ही दाबता दाबता मी पडद्याची दोरी धरून उभी राहिले.

गुरुजींची वेळ भरली. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, "ॐ शां..." आणि पेटीतून आवाज आला, दम. मग चक. नुसता डावा हात. दम-चक, दम-चक. गुरुजी तोंड उघडंच ठेवून खाली बसले आणि सगळा हॉल त्यांच्या मागोमाग बसला.

उजवा हात आला, नेहमीसारखा उशिरा. तिसरं घर पहिल्यापासून. पहिली उडी, दुसरी, तिसरी. तिसरीला सूर थोडा घसरला, पण हात उतरला आणि पुढं निघाला. चौथ्या घरात काका हसायला लागले. शेवटचा सूर त्यांनी इतका धरून ठेवला की भाता संपला तेव्हाच तो संपला.

टाळ्या आधी भाईंनी वाजवल्या, आणि त्या त्यांच्या सवयीनं ठेक्यावर. मग हॉल उठला. काकू पदरानं डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या की ही गत मला पहिल्यापासूनच आवडते. मुलगा मंचावर चढला. मला वाटलं, पाया पडेल, पण तो नुसता खुर्चीशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, दसऱ्याले गाडी लवकर काढू. गर्दी होते."

"लोड दोन ठेव मांगं," काका म्हणाले. "आन तू बाजूले बस. मी ओढलेला धागा तूही पाह्य."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गुरुजी आले. चेहरा खिन्न. त्यांनी काकांपुढं हात जोडले, शेजारच्या फोटोकडं एकदा पाहिलं, आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "फार वाईट झालं हो. पण मला कोणी कळवलंच नाही. गेलं कोण?"

काकांनी डावा हात वर केला, सगळी बोटं उघडून, गुरुजींना नीट दिसेल असा.

"हा गेल्ता, गुरुजी," ते म्हणाले. "तुमी उभे राह्यले म्हनून वापस आला."